सेवा घेणाऱ्याचा धर्म

आषाढीच्या वाटेने चालणारा वारकरी सर्वांनी पाहिलेला आहे. पण ज्याचा पाय खाटेवर सरळ ठेवलेला आहे आणि ज्याला पाण्याचा तांब्यासुद्धा दुसऱ्याने आणून द्यावा लागतो, अशा वारकऱ्याचा धर्म कोणता, हा प्रश्न आमच्या मंडळीत फारसा कोणी विचारीत नाही. आम्हीही तो कधी विचारला नव्हता. ह्या वर्षी विचारावा लागला. उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, ते भाविक वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या अलीकडे आमचे हिंगणी गाव. घरी थोडी शेती आहे, कापूस, तूर, सोयाबीन होते. सव्वीस वर्षे आम्ही आळंदीहून पंढरीस पायी गेलो. साधारण अडीचशे किलोमीटरची ती वाट, पण तिचे ओझे कधी वाटले नाही. शेवटच्या तीन वर्षांत मात्र गुडघ्यांनी जाब विचारायला सुरुवात केली. आधी चढावर दुखत, मग सपाटीवर दुखू लागले, आणि पुढे पुढे रात्री अंथरुणातही ठणका लागेना सुटे. मांडीचे हाड आणि नळीचे हाड जेथे मिळते तेथे दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते झिजले म्हणजे हाडावर हाड घासते. वय, वजन, घराण्याची प्रकृती, जुनी दुखापत, जन्मभर उकिडवे बसून केलेली निंदण-खुरपणाची कामे, अशा पुष्कळ गोष्टी त्यात मिळतात. वारीला एकटीला दोष देऊ नये.

ज्येष्ठ शुद्ध पक्षात आमच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली. तिला नाव मोठे असले तरी तीत सगळा गुडघा काढून टाकीत नाहीत. हाडांची झिजलेली टोके थोडी कापून त्यांवर धातूचे कवच बसवतात आणि दोन कवचांच्या मध्ये टणक प्लास्टिकची गादी ठेवतात. स्नायू आणि पुष्कळसे अस्थिबंध आपलेच राहतात. हल्लीच्या पद्धतीचे पहिले प्रयत्न १९६८ च्या सुमारास इंग्लंडात झाले. आपल्या लोकांना ही शस्त्रक्रिया ठाऊक झाली ती मुख्यतः अटलबिहारी वाजपेयींमुळे. ते पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा गुडघा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा बदलण्यात आला. दोन्ही वेळा शस्त्रक्रिया केली ती डॉ. चित्तरंजन राणावत यांनी. त्या काळी हे मोठ्या लोकांचे काम वाटे. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या भागांच्या किमतींवर मर्यादा घातली, आणि आता आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसालाही विचार करता येतो.

आमच्या दिंडीतल्या एका जुन्या सोबत्याने विचारले, "बुवा, देह नाशिवंत म्हणतो आपण, मग त्यात लोखंड घालून घेण्याचा हा खटाटोप कशापायी?" प्रश्न थट्टेचा नव्हता. आम्ही म्हटले, वीणेची तार तुटली तर ती तशीच गळ्यात घालून कोणी कीर्तनास उभा राहतो काय? देह टिकणारा नाही हे खरे, पण जोवर तो आहे तोवर त्याच्याकडून नामस्मरण आणि काम दोन्ही करून घ्यायचे आहे. ते त्यांना पटले. आम्हाला अडचण पडली ती ह्या प्रश्नाची नव्हे. ती पुढे घरी आल्यावर पडली.

दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे केले होते. तेथे परिचारिका असतात, त्यांचे ते कामच असते, म्हणून तेथे लाज वाटली नाही. घरी आल्यावर मात्र सर्व भार आमच्या सूनबाईंवर पडला. चिरंजीव पेरणीत गुंतलेले. ज्येष्ठ-आषाढात शेतकऱ्याला घरात बसायला फुरसत कोठली? सूनबाईंनी ओसरीवरची खाट हलवून उंच केली, चालण्याच्या वाटेवरची सतरंजी गुंडाळून ठेवली, खाली बसता येत नाही म्हणून कमोडची खुर्ची आणवली. सकाळ-संध्याकाळ बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून गुडघ्यावर ठेवायची, सूज पाहायची, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या वेळेवर द्यायच्या, पायमोजा चढवायचा, हे सर्व त्याच करीत. आणि देव्हाऱ्यातली लहान घंटी आणून त्यांनी आमच्या उशाशी बांधली. म्हणाल्या, "मामाजी, रात्री उठाचं असलं त हे वाजवा. मी जागीच असतो."

ती घंटी आम्ही वाजवीत नव्हतो. खरं सांगायचं तर, वाजवायला हात होत नव्हता. ज्या हाताने सव्वीस वर्षे दिंडीत पाण्याचे हंडे उचलले, थकलेल्या म्हाताऱ्यांचे पाय चेपले, त्या हाताने स्वतःसाठी घंटी वाजवून पोरीला झोपेतून उठवायचे? मनात म्हणत होतो, कोणाला आपला त्रास नको.

दुसऱ्या आठवड्यात एका रात्री पाऊस आला आणि वीज गेली. आम्ही उठलो, अंधारात वॉकर धरला आणि मोरीकडे निघालो. वॉकरचा पाय उंबरठ्याला अडकला. आम्ही चौकटीला धरून घसरत खाली बसलो. गुडघा नको तेवढा वाकला आणि अंगातून कळ गेली. सूनबाई कंदील घेऊन धावत आल्या. टाक्यांशी थोडे रक्त दिसत होते. त्या रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, "मामाजी, मले आवाज द्यायले काय झालं होतं? तुमी पडले असते त मंग?"

सकाळी डॉक्टरांकडे जावे लागले. देवाच्या दयेने आतला सांधा शाबूत होता. पण गाडी करून आम्हाला नेण्यात चिरंजीवांचा सबंध दिवस गेला. त्या दिवशी शेतात नेमका वाफसा होता. पेरणारा माणूस वाफशाचा दिवस सोडीत नाही. पुढे चार दिवस पावसाची झड लागली आणि आमची दोन एकरांची पेरणी लांबली. म्हणजे ज्या त्रासातून आम्ही घराला वाचवू पाहत होतो, त्याच्या दसपट त्रास आम्हीच घरावर आणला होता.

त्या रात्रीनंतर खाटेवर पडल्या पडल्या विचार सुरू झाला. 'कोणाला त्रास नको' हे वाक्य ऐकायला किती साधुत्वाचे वाटते! पण आम्ही आपल्या मनाला धरून नीट विचारले तेव्हा त्या वाक्याच्या आड दुसरेच कोणी तरी बसलेले सापडले. सेवा करणारा तो वरचा आणि सेवा घेणारा तो खालचा, असा हिशोब आमच्या मनाने केव्हाचा मांडून ठेवला होता. दिंडीत म्हाताऱ्यांचे पाय चेपताना आम्ही नम्र होतो असे समजत होतो. पण पाय चेपून घेण्याची पाळी आली तेव्हा ती नम्रता कोठे गेली? मग ती नम्रता होती, की आपण देणारे आहोत ह्याचे सुख होते? हा प्रश्न बोचरा आहे. आम्ही त्याचे उत्तर आपल्या बाजूने देऊ शकलो नाही.

आमच्याच जिल्ह्यात घडलेली एक गोष्ट येथे आठवते. परचुरे शास्त्री संस्कृतचे मोठे पंडित. येरवड्याच्या तुरुंगात असल्यापासून गांधीजींना ओळखत होते. त्यांना कुष्ठरोग झाला. १९३९ च्या सुमारास ते सेवाग्रामला आले. त्या काळी ह्या रोगाला लोक किती भीत, हे जुन्या माणसांना सांगायला नको. गांधीजींनी त्यांना जवळच झोपडी बांधून दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळून दिले. पुढे शास्त्रीबुवा दत्तपूरच्या कुष्ठधामात राहिले. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ सुरू केलेली ती संस्था. शास्त्रीबुवांचा अंत तेथेच १९४५ साली झाला. गांधीजी मालीश करीत आहेत असे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. ते पाहून आपण सर्वजण मालीश करणाऱ्या हातांना नमस्कार करतो, आणि तो योग्यच आहे. पण त्या हातांखाली जो स्वस्थ बसला आहे त्याचा विचार आपण करतो काय? एक विद्वान ब्राह्मण, ज्याने जन्मभर दुसऱ्यांना शिकवले, तो आपले जखमी अंग दुसऱ्याच्या हाती देतो. सारा देश ज्याच्या पाया पडतो त्याने आपले पाय चोळावे, हे सोसायला काही कमी बळ लागत नाही. त्यांनी अंग आखडून घेतले असते, 'नको, मी त्या लायकीचा नाही' म्हणून उठून गेले असते, तर ती सेवा घडलीच नसती.

आणि मग पुंडलिकाचीच गोष्ट वेगळी दिसू लागली. आपल्या सर्व संप्रदायाचे मूळ तेथे आहे. देव दारी आला तेव्हा पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, त्याने वीट पुढे टाकली, आणि देव त्या विटेवर उभा राहिला. कीर्तनकार पुंडलिकाची थोरवी गातात. देवाच्या धीराचीही गातात. पण खाटेवर जे दोघे होते त्यांच्याबद्दल कोणी काही बोलत नाही. परंपरेत त्यांची नावे जानुदेव आणि सत्यवती अशी सांगतात. जानु म्हणजे गुडघा. हा योगायोग ध्यानात आला तेव्हा त्या दुखण्यातही आम्हाला हसू आले. असो. त्या दोघांनी जर म्हटले असते, 'अरे, देव दारात आला आहे, आमचे पाय सोड, आम्हाला लाजवू नकोस,' तर? पुंडलिक उठला असता, देव भेट देऊन निघून गेला असता, आणि पंढरीस विटेवर कोणी उभे राहिले नसते. त्या म्हाताऱ्यांनी स्वस्थपणे सेवा घेतली, म्हणून मुलाची सेवा पुरी झाली, आणि ती पुरी होईतो देव थांबला. सेवा घेणाऱ्याचाही वाटा पंढरीच्या पायात आहे, असे आम्हाला तेव्हा वाटले.

येथे कोणी म्हणेल, वा! म्हणजे आता खाटेवर पडून राहावे, घंटी वाजवावी आणि त्यालाच भक्ती म्हणावे! दुखणेकऱ्याला असला वेदान्त फार लवकर पटतो, म्हणून सावध राहायला हवे. ह्या दुखण्यात असे एक काम आहे की जे जगात दुसरा कोणी आपल्यासाठी करू शकत नाही, आणि ते म्हणजे गुडघा वाकवणे आणि सरळ करणे. घोटा वरखाली हलवायचा. मांडी आवळून गुडघा खाटेकडे दाबायचा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. टाच घासत आपल्याकडे ओढायची. हे दिवसातून तीन-चार वेळा, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी आणणारे. पहिल्या काही आठवड्यांत गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकू लागला पाहिजे आणि पुरता सरळही झाला पाहिजे. ही वेळ आळसात घालवली तर आत ताठरपणा धरतो आणि मग शस्त्रक्रिया उत्तम होऊनही पाय काठीसारखा राहतो. गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली की बरे वाटते, पण तसे करू नये असे डॉक्टर बजावून सांगतात, कारण मग गुडघा वाकलेलाच राहू पाहतो. सुख देणारी गोष्ट हिताची असेलच असे नाही, हे आम्ही प्रवचनात कितीदा ऐकले होते. उशीने ते पुन्हा शिकवले.

तेव्हा दुखणेकऱ्याचा धर्म दुहेरी आहे. जे आपल्याला करता येत नाही त्यासाठी मोकळ्या मनाने दुसऱ्याला हाक मारावी. जे आपल्यालाच करायचे आहे ते, कळ सोसून, चुकवू नये. पहिले सोडले तर अहंकार होतो, दुसरे सोडले तर सेवा करणाऱ्याचे कष्ट वाया जातात. सूनबाई बर्फ लावतात तो कशासाठी? आम्ही पाय हलवावा म्हणून. आम्ही तो हलवला नाही तर त्यांचा बर्फ नुसताच वितळून गेला म्हणायचा.

ह्या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी पाहायच्या असतील तर कूर्मदासांकडे पाहावे. हात-पाय नसलेला तो पैठणचा भक्त. त्याला पंढरीची ओढ लागली आणि तो सरपटत निघाला. कोणी उचलून नेईल म्हणून तो दारात वाट पाहत बसला नाही. वाटेत लोकांनी घास दिला तो त्याने घेतला. लऊळ गावापर्यंत आला आणि पुढे एकादशी गाठणे अशक्य झाले, तेव्हा त्याने वारकऱ्यांच्या हाती देवाला निरोप पाठवला की मला येववत नाही, तूच ये. आणि कथा सांगते की देव त्याच्या भेटीस लऊळला आला. माढा तालुक्यात ते गाव आहे आणि कूर्मदासांचे स्थान तेथे आजही आहे. त्याने अंगात होते तेवढे सर्व केले, आणि जेथे अंग संपले तेथे मागताना संकोच केला नाही. निरोप धाडण्याची लाज वाटून तो गप्प पडून राहिला असता, तर देवाला तरी काय कळवणार होता?

आणखी एक गोष्ट राहते, आणि ती आम्हाला सर्वांत उशिरा सुचली. सेवा घेणाऱ्याने सेवा करणाऱ्याचे आयुष्य गिळून टाकू नये. आमच्या सूनबाई दरवर्षी आषाढीला गावच्या बायांबरोबर एस. टी.ने पंढरीस जातात. ह्या वर्षी त्यांनी नाव काढले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. एकादशी सहा दिवसांवर आली तेव्हा त्यांच्या सोबतिणी पिशव्या भरताना दिसल्या. सूनबाई दाराशी उभ्या राहून त्यांच्याशी हसून बोलत होत्या. त्या आत वळल्या तेव्हा त्यांचे तोंड आम्ही पाहिले, आणि आमच्या मनात चर्र झाले. आमची वारी हुकली म्हणून आम्ही चार माणसांजवळ बोलून दाखवले होते. तिची हुकली ती कोणी मोजलीच नव्हती.

सेलूला आमची लेक दिली आहे. तिला बोलावून घेतले. ती म्हणाली, "बाबा, आधीच नाही का सांगायचं? पाच दिवस काय, आठ राहीन." सूनबाई मात्र तयार होईनात. म्हणाल्या, "मामाजी, पुंडलिकानं देवाले थांबवलं. मी पुढच्या वर्षी गेली त देव काय कुठं पळून जाते?" उत्तर बिनतोड होते. आम्ही म्हटले, "तू राहिलीस तर तुझं पुण्य होईल, बाई. पण तुला अडवल्याचं पाप आमच्या माथी बसेल. आमच्यासाठी जा." तेव्हा गेल्या. जाताना लेकीला गोळ्यांच्या वेळा तीनदा समजावून सांगितल्या. जखमेतून पाणी आले, गुडघा लाल होऊन तापला, पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठायचे, हेही बजावले.

एकादशीस संध्याकाळी भजनी मंडळ आमच्या ओसरीवर आले. सर्व मंडळी खाली सतरंजीवर, विणेकरी उभे, आणि आम्ही एकटे खुर्चीवर. मांडी घालून बसायची आता डॉक्टरांची मनाई; साष्टांग दंडवतही पूर्वीसारखा घडायचा नाही. महिन्यापूर्वी असे उंचावर बसावे लागते तर आम्ही आतल्या खोलीत जाऊन पडलो असतो. त्या दिवशी बसलो. टाळ हातात घेतले आणि हरिपाठ पुरा म्हटला. मधल्या वेळात, कोणाच्या लक्षात न येईल असे, टाच मागेपुढे करण्याचा व्यायामही उरकून घेतला.

सध्या आम्ही काठीवर आलो आहोत. अंगणात फेऱ्या घालतो, आणि पायऱ्या चढू-उतरू लागलो आहोत. पायऱ्यांचा नियम डॉक्टरांनी असा सांगितला की चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. म्हणजे चढताना भार चांगल्याने उचलायचा आणि उतरतानाही मागे राहून तोलायचा तो चांगल्यानेच. दुखऱ्या पायाने हे मुकाट्याने मान्य केले आहे आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. एकाच देहातल्या दोन पायांना जे जमते ते एकाच घरातल्या माणसांना जमायला हरकत नसावी. पुढच्या आषाढीला सबंध वाट चालवेल की नाही, ते डॉक्टर आणि पांडुरंग ठरवतील. बोर नदीच्या काठाने घोराडला केजाजी महाराजांच्या गावी जाऊन विठ्ठलाचे दर्शन घ्यावे, एवढा नेम सध्या मनाशी धरला आहे.

सूनबाई द्वादशी सोडून परत आल्या. कपाळी बुक्का, हातात प्रसादाची पुडी. वारीहून आलेल्याच्या पाया पडावे ही आपली रीत, आणि त्या रीतीत वय किंवा नाते पाहायचे नसते. आम्ही वाकू गेलो, पण गुडघा वाकेना. तेव्हा खुर्चीवर बसल्या बसल्याच दोन्ही हात जोडून त्यांना नमस्कार केला. त्या गोंधळल्या, "मामाजी, हे काय कराले लागले तुमी!" म्हणत मागे सरल्या, आणि पदर सावरून आमच्याच पायांवर डोके ठेवू लागल्या. पूर्वी आम्ही पाय मागे ओढून घेतले असते. ह्या वेळी घेतले नाहीत.

रामकृष्ण हरि.